जपानमधल्या हॉटेलात बुफे जेवताना: बुकिंगपासून बिलापर्यंत, क्रमाने

जपानमधल्या हॉटेलच्या बुफेत माणूस चुकतो तो पहिल्या पाच मिनिटांतच. आत शिरतो, दिसेल ती रांग धरतो, सगळ्यात मोठी प्लेट उचलतो आणि तिच्यावर कच्च्या माशाचे काप, तेंपुरा (पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या), शिजवलेल्या भाज्या, नूडल्स आणि जागा उरली म्हणून केकचा तुकडा रचतो. टेबलाशी पोचेपर्यंत तेंपुराचं कुरकुरीत आवरण शेजारच्या रश्श्याने मऊ पडलेलं असतं, नूडल्सचा गोळा झालेला असतो आणि गार खायचा मासा कोमट. तेवढं कसंबसं संपवून पोट जड झालं की मग दिसतं, पलीकडच्या कोपऱ्यात आचारी मागाल तसा ताजा तेंपुरा तळून देत होता.

दोष भुकेचा नाही, क्रमाचा आहे. जपानी जेवण एका मोठ्या ताटात एकत्र वाढायचं नसतंच. प्रत्येक पदार्थाची वाटी वेगळी, गरम-गारपणा वेगळा, लावून खायचा सॉस वेगळा. बुफेतही हे बदलत नाही. फक्त ती मांडणी आपल्याला स्वतः करावी लागते. त्यामुळे लहान भांडी, थोडं थोडं वाढणं आणि चार-पाच फेऱ्या, असंच हे जेवण जेवायचं.

पाटीवर ‘ब्युफ्फे’ऐवजी ‘बायकिंगु’ लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. १९५८ साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने अशा जेवणाला ‘व्हायकिंग’ नाव दिलं, तेच देशभर रूढ झालं. ‘ताबेहोदाई’ म्हणजे हवं तितकं खा. ‘नोमिहोदाई’ म्हणजे हवं तितकं प्या, आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे असतात.

टप्पा १: बुकिंग करतानाच विचारायच्या गोष्टी

रात्रीच्या बुफेला बहुतेक ठिकाणी वेळेचं बंधन असतं, साधारण ९० किंवा १२० मिनिटं. हे घड्याळ अनेकदा तुम्ही बसल्यापासून नाही, तर बुकिंगच्या वेळेपासून सुरू होतं. वीस मिनिटं उशिरा आलात तर वीस मिनिटं गेली. शिवाय ‘रासुतो ओदा’, म्हणजे शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ, संपण्याच्या बरीच आधी येते. दोन्ही वेळा विचारून ठेवा.

दर पाहताना करासहित आकडा पाहा. हॉटेलात बसून खाल्लं की १० टक्के उपभोग कर लागतो. २०२१च्या एप्रिलपासून ग्राहकांना दाखवायच्या किमतीत तो धरलेला असणं बंधनकारक आहे. पण मोठ्या हॉटेलांचा सेवा आकार वेगळा असू शकतो, म्हणून ‘सगळं धरून माणशी किती?’ असा सरळ प्रश्न विचारा.

मुलांचा दर उंचीवर नाही, बहुधा शाळेच्या पायरीवर ठरतो: शाळेत न जाणारी, प्राथमिक शाळेतली आणि त्यापुढची. जपानमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत असते. तेरा वर्षांच्या मुलाला पूर्ण दर लागला म्हणून काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

नाश्त्याची गोष्ट निराळी. तिथे सहसा वेळेचं बंधन नसतं, पण गर्दी असते. खोलीच्या दरात नाश्ता आहे की नाही हे चेक-इनच्या वेळीच पक्कं करा. असेल तर बहुधा ‘चोशोकुकेन’ म्हणजे नाश्त्याचं कूपन मिळतं किंवा सकाळी खोली क्रमांक सांगावा लागतो.

तपासा: वेळ, शेवटची ऑर्डर, सगळं धरून दर, मुलांचा दर, बुकिंग रद्द केल्यास कापले जाणारे पैसे. पाचही उत्तरं हाती असल्याशिवाय बुकिंग पक्कं करू नका.

टप्पा २: शाकाहारी असाल किंवा ॲलर्जी असेल तर

या टप्प्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण सर्वात जास्त मनस्ताप इथेच होतो.

पहिली अडचण ‘दाशी’. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून करतात, म्हणजे कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, कडक वाळवून त्याचे पातळ काप काढतात आणि ते गरम पाण्यात मुरवून गाळून घेतात. कधी लहान सुके मासे वापरतात, कधी कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ. माशाचा तुकडाही दिसत नाही, वासही ओळखू येत नाही, पण मासा असतो. निव्वळ कोम्बुची दाशी शाकाहारी असते. पण भांड्याकडे नुसतं पाहून कोणती दाशी आहे ते सांगता येत नाही.

म्हणून ‘ह्यात मांस आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खरंही असेल. दाशी कुठे कुठे असते ते लक्षात ठेवा. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घातलेल्या सूपमध्ये असते. अंड्याच्या गोडसर गुंडाळीत, तामागोयाकीत, बहुधा असते. चावानमुशी या वाफवलेल्या अंड्याच्या कस्टर्डमध्ये असते. शिजवलेल्या गाजर-मुळा-कमळकाकडीत असते. नूडल्सच्या रश्श्यात आणि तेंपुरा बुडवून खायच्या तेंत्सुयुत असते. इनारी सुशी दिसायला अगदी निरुपद्रवी, भात भरलेली तळलेल्या टोफूची पिशवी. पण तो टोफूही अनेकदा दाशीत शिजवलेला. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, डबीतल्या सॉसच्या पुडीत माशाचा अर्क सापडतो. चव लावलेल्या नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पानांवर कोळंबीचा किंवा माशाचा अर्क असू शकतो. उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळातसुद्धा कात्सुओ घातलेला एक प्रकार असतो. गार टोफूवर आणि पालेभाजीवर तर कात्सुओबुशीचे काप उघड भुरभुरलेले असतात. गरम पदार्थावर ते वाफेने हलतात आणि नवख्याला वाटतं काहीतरी जिवंत आहे.

जपानी करी भाज्यांची दिसली तरी तिच्या तयार मसाल्यात गाईची किंवा डुकराची चरबी असू शकते. जेलीत जिलेटिन असू शकतं; कानतेन असेल तर ते शेवाळापासूनचं, चालतं. भाज्यांचा तेंपुरा बहुधा कोळंबी तळलेल्याच तेलात तळतात आणि पिठात बहुधा अंडं असतं.

मग उरतं काय? साधा पांढरा भात, वर काही न टाकलेला टोफू आणि त्यावर सोया सॉस, एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, कप्पा-माकी म्हणजे काकडी घातलेली सुशीची गुंडाळी, पुडीतला सॉस बाजूला ठेवून नात्तो, सॅलड (तेल-व्हिनेगरबरोबर, तयार ड्रेसिंगशिवाय), फळं, पाव. पोट भरतं, पण रात्रीच्या महागड्या बुफेचे पैसे वसूल होत नाहीत. माझं स्पष्ट मत: दाशीही न चालणाऱ्यांनी रात्रीचा जपानी बुफे टाळावा आणि शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण देणारी जागा शोधून आधी बुक करावी. दाशी चालते, तुकडे चालत नाहीत, अशांना मात्र बुफे चांगला जमतो.

विचारायचं वाक्य पाठ करा किंवा फोनवर जपानीत लिहून घ्या: ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु.’ मांस नाही, मासे नाहीत, कात्सुओची दाशीही चालत नाही. शेवटचं वाक्य गाळलंत तर पहिल्याचा उपयोग नाही.

ॲलर्जीचं आणखी गंभीर. पदार्थांपुढच्या पाट्यांवर गहू, अंडं, दूध, कोळंबी, खेकडा, सोबा (बकव्हीट), शेंगदाणे यांची छोटी चित्रं अनेक हॉटेलं लावतात. पण घटक छापण्याची कायदेशीर सक्ती पॅकबंद पदार्थांना आहे, हॉटेलात वाढलेल्या अन्नाला नाही. आणि बुफेत एका भांड्याचा चिमटा दुसऱ्यात जातोच. सोबाच्या आणि उदोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स एकाच पाण्यात उकळणं तर अगदी नेहमीचं.

सावधान: ॲलर्जी जिवावर बेतणारी असेल तर पाटीवरच्या चित्रांवर विसंबू नका. आदल्या दिवशी कळवा, ताट स्वयंपाकघरातून वेगळं येऊ शकतं का विचारा. ‘खात्री देता येत नाही’ असं उत्तर आलं तर तो उद्धटपणा नाही, प्रामाणिकपणा आहे. दुसरीकडे जेवा.

टप्पा ३: खोलीतून निघण्याआधी

शहरातल्या हॉटेलांत खोलीतला रात्रीचा पोशाख आणि कागदी स्लिपर घालून रेस्टॉरंटमध्ये जायचं नसतं. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांतल्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी वसतिगृहांत, मात्र युकाता (हलका सुती किमोनो) घालून जेवायला जाणं नेहमीचं आहे. दोन्हींची गल्लत होते, म्हणून लिफ्टमधली सूचना वाचा. युकाता घालाल तर डावी बाजू उजवीच्या वर घ्या. उलटी फक्त मृताला नेसवतात.

नाश्त्याला उघडल्या उघडल्या जा, नाहीतर गर्दी ओसरल्यावर. साडेसात ते साडेआठ ही सर्वांचीच वेळ. अगदी शेवटी गेलात तर भांडी पुन्हा भरली जाण्याची आशा नको.

तीव्र अत्तर लावू नका. कच्च्या माशाची आणि रश्श्यांची चव बरीचशी वासावर असते, आणि ती शेजारच्या टेबलाचीही असते.

टप्पा ४: दारापासून टेबलापर्यंत

दाराशी थांबा. आत रिकामी टेबलं दिसली तरी स्वतःहून जाऊन बसू नका. कर्मचारी येऊन विचारतील, ‘नानमेइ-सामा देसु का?’ म्हणजे ‘किती जण?’ बोटांनी आकडा दाखवला तरी चालतं.

टेबलावर एक छोटं कार्ड असतं. एका बाजूला ‘जेवण चालू आहे’, दुसऱ्या बाजूला ‘जेवण झालं’. हे कार्ड शोभेचं नाही. वाढायला उठताना ‘चालू आहे’ ही बाजू वर ठेवली नाही, तर परत येईपर्यंत अर्धा खाल्लेला नाश्ता उचललेला आणि टेबलावर दुसरं कुटुंब बसलेलं सापडू शकतं. माझं एकदा असं झालं. चूक माझीच होती. कार्ड उलटं पडलं होतं आणि मी कॉफी आणायला गेलो होतो. लिपी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा भाषांतरावर धरा किंवा बसवणाऱ्यालाच विचारा.

ओशिबोरी म्हणजे ओला रुमाल. त्याने हात पुसा, तोंड-मान नाही. खुर्चीखाली किंवा बाजूला टोपली असेल तर ती तुमच्या पिशवीसाठी. पासपोर्ट आणि पैसे मात्र अंगावरच ठेवा.

तपासा: कार्ड योग्य बाजूला आहे? हात धुतले किंवा निर्जंतुक केले? काउंटरच्या सुरुवातीला पातळ हातमोजे ठेवले असतील तर ते चिमटे धरण्यासाठी आहेत. घाला, आणि टेबलाशी आल्यावर काढून टाका.

टप्पा ५: पहिली फेरी रिकाम्या हाताने

हाच टप्पा सगळे गाळतात. प्लेट न घेता पूर्ण फेरी मारा. चार मिनिटं लागतात. या फेरीत चार गोष्टी शोधायच्या.

ताजं करून देणारे कोपरे कुठे आहेत: तेंपुरा, सुशी, नूडल्स, ऑम्लेट, भाजलेलं मांस. काही ठिकाणी तिथे टेबल क्रमांकाची चकती ठेवावी लागते आणि पदार्थ टेबलावर येतो. काही ठिकाणी वाजणारं यंत्र हातात देतात.

त्या भागाची खासियत काय आहे. होक्काइदोच्या हाकोदातेत अनेक हॉटेलांत नाश्त्यालाच भातावर स्वतः मासे आणि माशांची अंडी रचून घेता येतात. तिथे पाव-जॅम आणि सॉसेजवर पोट भरणाऱ्या माणसाला काय म्हणावं!

रांग कुठून कुठे जाते. जमिनीवर बाण असतात. उलट दिशेने शिरू नका.

चौथी गोष्ट, वाट्या, बशा आणि ट्रे कुठे आहेत. नऊ खणांची चौकोनी प्लेट दिसली तर नाश्त्याला तीच घ्या; तिच्यात पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत आणि खण लहान असल्याने हातही आपोआप आवरता राहतो.

टप्पा ६: नाश्त्याचा ट्रे मांडणे

ट्रे समोर धरा. भाताची वाटी डावीकडे पुढे, सूपची उजवीकडे पुढे. मागे मुख्य पदार्थ आणि दोन लहान पदार्थ. चॉपस्टिक सगळ्यात पुढे आडव्या. जपानी घरगुती जेवणाचा साचा हाच: भात, एक सूप, तीन पदार्थ. भाजलेला साल्मन किंवा साबा (बांगड्यासारखा मासा), थोडा टोफू किंवा शिजवलेली भाजी, त्सुकेमोनो म्हणजे लोणच्याच्या दोन-तीन फोडी. एवढं घेऊन बसा. आणखी हवं असेल तर पुन्हा उठता येतं, बुफे आहे.

भात आणि सूप सर्वांत शेवटी भरा. उलट क्रमाने केलंत तर सूप सांभाळत सगळी रांग चालावी लागते. मिसो खाली बसतं, म्हणून डावाने तळापासून ढवळून घ्या. वरवरचं घेतलं तर कोमट पाणी मिळेल. टोफूचे तुकडे आणि शेवाळ कधी वेगळ्या भांड्यात असतात, ते आधी वाटीत घाला आणि वर सूप ओता.

उमेबोशी एकच घ्या. ते खारवलेलं आंबट फळ आहे, जेली नाही. भाताच्या चार घासांबरोबर थोडं थोडं खायचं असतं.

अंड्यांचा घोटाळा: टोपलीत सालासकट दिसणारं अंडं तीन प्रकारचं असू शकतं. युदे तामागो म्हणजे पूर्ण उकडलेलं. ओनसेन तामागो म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं, आत पांढरं थरथरतं आणि बलक मऊ. नामा तामागो म्हणजे सरळ कच्चं, गरम भातावर फोडून सोया सॉस घालून खाण्यासाठी. तिन्ही बाहेरून सारखीच. उकडलेलं समजून ओनसेन तामागो टेबलावर आपटणारा दर गटात एक तरी असतोच.

सावधान: पाटी वाचल्याशिवाय अंडं उचलू नका आणि उचललेलं परत ठेवू नका. शंका असेल तर लहान वाटीतच फोडा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी कच्चं अंडं आणि कच्चा मासा दोन्ही टाळा.

नात्तो घेणार असाल तर डबीतल्या पुड्या आणि वरचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढा, नुसतेच दाणे जोरात घोटा, तारा सुटल्या की सोया सॉस घाला, मग भातावर ओता. तारा तुटत नसतील तर चॉपस्टिक हवेत गोल फिरवा. वास उग्र आहे. आवडेलच असं नाही. डबी एकच आणा.

टप्पा ७: रात्रीच्या फेऱ्यांचा क्रम

गार आणि हलकं आधी, गरम आणि तेलकट नंतर, भात शेवटाकडे. बसल्या बसल्या भातावर किंवा नूडल्सवर तुटून पडलात की पुढचं सगळं फुकट.

पहिली फेरी: लहान वाट्यांतली तोंडी लावणी, टोफू, सॅलड. दुसरी: साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप. आधी पांढरे मासे, मग तांबडे आणि तेलकट. उलटं केलं तर पांढऱ्याची मवाळ चव लागतच नाही. वासाबी मटाराएवढी, मासोळीच्या कापावर ठेवायची. सोया सॉसमध्ये कालवून राडा करायचा नाही. ती हिरवी पेस्ट चमचाभर घेऊन तोंडात टाकणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलेलं आहे. सॉस वेगळ्या छोट्या बशीत, तळ झाकेल एवढाच. आल्याच्या गुलाबी चकत्या, गारी, दोन घासांच्या मध्ये चव पुसायला.

तिसरी: वाफवलेलं, शिजवलेलं, भाजलेलं. चौथी: तेंपुरा, ताज्या कोपऱ्यातून, एका वेळी तीन-चार तुकडे. टेबलावर आल्यावरच तेंत्सुयुत बुडवा, तेंपुराच्या बशीत ओतून आणू नका. मीठ ठेवलेलं असेल तर एक तुकडा मिठाबरोबर खाऊन पाहा. पाचवी: सुशी किंवा भात, मिसो सूप, लोणचं. मग गोड.

खेकड्याचा बुफे असेल तर हा क्रम थोडा मोडावाच लागतो, कारण सगळे तिकडेच धावतात. तिथे कात्री, लांब काटा आणि कवचं टाकायचं भांडं आधी टेबलावर आणून ठेवा, मग खेकडा. चिकट हातांनी पुन्हा काउंटरवर जाणं बरं दिसत नाही.

बाटल्यांबाबत एक इशारा. काळ्या रंगाच्या तीन-चार बाटल्या शेजारी असतात: सोया सॉस, आंबट पोंझु, नूडल्सचा त्सुयु आणि घट्ट गोडसर ‘सोसु’. कच्च्या माशावर ‘सोसु’ ओतला की तो घास वाया. पेयांतही तेच, उमेशु हे आलुबुखाऱ्यासारख्या फळाचं मद्य रंगाने सरबतच वाटतं. मुलांच्या हाती ग्लास देण्याआधी पाटी पाहा.

टप्पा ८: रांगेतले नियम

प्रत्येक फेरीला नवी प्लेट. उष्टी प्लेट पुन्हा काउंटरवर न्यायची नाही. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. ज्या भांड्याचा चिमटा त्याच भांड्यात परत, मूठ आपल्याकडे न ठेवता पुढच्या माणसाला धरता येईल अशी. उचललेलं परत ठेवायचं नाही. काउंटरपाशी चव घ्यायची नाही. भांड्यांवर वाकून बोलायचं नाही. लहान मुलांना एकटं वाढायला पाठवू नका, गरम रस्सा त्यांच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

आणि चौघांसाठी एकाने चार प्लेटा भरून आणू नयेत. मागच्या रांगेला भांडं रिकामं मिळतं आणि टेबलावर निम्मं उरतं, कारण दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज कोणालाच येत नाही.

टप्पा ९: टेबलावर

‘इतादाकिमासु’ म्हणा आणि सुरू करा. भाताची आणि सूपची वाटी हातात उचलायची. मोठ्या बशा टेबलावरच. सूपला चमचा नसतो, वाटी ओठाला लावायची आणि आतले तुकडे चॉपस्टिकने खायचे. नूडल्स ओढताना आवाज झाला तर चालतो.

चॉपस्टिकच्या दोन चुका खरोखर खटकतात, बाकीच्या परदेशी माणसाला माफ असतात. भातात त्या उभ्या खोचून ठेवू नका. मृताच्या नैवेद्याचा भात तसा असतो. आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दहनानंतर अस्थी तशा उचलतात. द्यायचं असेल तर बशीत ठेवा. खाली ठेवताना हाशिओकीवर, म्हणजे चॉपस्टिक ठेवायच्या छोट्या आधारावर, टेकवा. ती नसेल तर कागदी वेष्टणाची घडी करून तिच्यावर. जमतच नसेल तर काटा मागा, कोणी हसत नाही.

अख्ख्या भाजलेल्या माशाची वरची बाजू खा, काटा उचलून बाजूला ठेवा, मग खालची. मासा उलटायचा नाही.

टप्पा १०: आवरतं घेताना

शेवटच्या ऑर्डरच्या दहा मिनिटं आधी एकदा ठरवा, अजून काय हवं. घाईत भरलेली शेवटची प्लेटच बहुतेक वेळा टाकली जाते. काही ताबेहोदाई जागा जास्त टाकल्यास वेगळे पैसे लावतात. तशी पाटी दाराशी असते. पैसे लागोत न लागोत, वाढून घेतलेलं टाकणं तिथे उघड वाईट दिसतं.

डब्यात भरून नेणं, फळ किंवा पाव पिशवीत टाकणं चालत नाही. अन्न बाहेर नेऊन खराब झालं आणि कोणी आजारी पडलं तर ते हॉटेलवर येतं, म्हणून हा नियम कडक आहे.

ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा की टेबलावर सोडायचा, हे शेजाऱ्यांकडे पाहून ठरवा. ‘हेन्क्याकुगुची’ म्हणजे भांडी परत करण्याची खिडकी असेल तर न्यायचा. नसेल तर सोडायचा, पण वाट्या एकात एक रचू नका. लाखेच्या वाट्यांना चरे पडतात.

कार्ड ‘जेवण झालं’ या बाजूला करा. टेबलावर बिलाची चिठ्ठी असेल तर ती घेऊन दाराजवळच्या काउंटरवर जा; खोलीच्या बिलात लावायचं असेल तर क्रमांक सांगा आणि सही करा. टीप ठेवू नका, पैसे विसरलात असं समजून कोणीतरी लिफ्टपर्यंत धावत येईल. बाहेर पडताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणा, आणि त्याआधी खुर्चीखालच्या टोपलीत वाकून बघा, पिशवी तिथेच असते.